गुलाबी दूध पिणारा सीनियर

‘थाय सीरियल? आणि तीसुद्धा मराठी विभागात?’ असं म्हणून पान उलटायच्या आत एक मिनिट थांबा. या सीरियलचा नायक इंजिनीअरिंगला आहे, थर्ड इयरला आहे, आणि फर्स्ट इयरच्या पोरांना रांगेत उभं करून त्यांच्यावर ओरडणं हे त्याचं अधिकृत काम आहे. आता सांगा, या विषयाला आपल्या अंकात दोन-चार पानं मिळायला काय हरकत आहे?

सीरियलचं नाव ‘सोटस’. बँकॉकच्या जीएमएमटीव्ही कंपनीने काढलेली. ऑगस्ट २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात थायलंडच्या ‘वन ३१’ वाहिनीवर तिचे पंधरा भाग झाले. ‘बिटरस्वीट’ या टोपणनावाने लिहिलेल्या एका कादंबरीवर ती बेतलेली आहे. इतकी वर्षं झाली तरी तिची गोडी कमी झालेली नाही, कारण यूट्यूबला देशाच्या सीमा नसतात आणि हॉस्टेलवर रात्रीला अंत नसतो! आधी मुलींच्या हॉस्टेलवर तिची साथ आली, मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून ती आमच्या विंगमध्ये शिरली. सबमिशनच्या आठवड्यात, फाइली अर्ध्या सोडून, आठ-दहा जण एका लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसायला लागले. आणि मग सुरू झाला तो वाद. मेसच्या रांगेत वाद, वर्कशॉपमध्ये जॉब घासताना वाद, रात्री दोनला मॅगी शिजत असताना वाद.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही प्रेमकथा आहे आणि ती दोन मुलांची आहे. थायलंडमध्ये अशा मालिकांचा मोठा प्रवाहच आहे, आणि २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला कायद्याने मान्यताही मिळाली. आमच्याकडे पहिल्या भागाला दोघं-तिघं ‘हे काय आता?’ म्हणून उठून गेले होते. तिसऱ्या भागाला गुपचूप परत येऊन बसले. पण आमचा वाद त्यावर नव्हताच. वाद होता तो एकाच प्रश्नावर: आथितला माफ करायचं की नाही?

आधी ‘सोटस’ म्हणजे काय ते

सोटस हा पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा शब्द आहे. सीनिऑरिटी, ऑर्डर, ट्रॅडिशन, युनिटी आणि स्पिरिट. म्हणजे ज्येष्ठता, शिस्त, परंपरा, एकी आणि बाणा. थायलंडच्या विद्यापीठांत नव्या मुलांना ‘आपल्यात घेण्याची’ जी पद्धत आहे तिचं हे बिरुद. त्या स्वागताला ते ‘रप नोंग’ म्हणतात. ‘नोंग’ म्हणजे धाकटं भावंड, ‘रप’ म्हणजे स्वीकारणं. सीनियर तो ‘पी’, म्हणजे थोरलं भावंड, आपल्याकडचे दादा किंवा ताई. शब्द किती गोड आहेत बघा! पण या दादालोकांतच एक खास जात असते ‘पी-वाक’ नावाची. ‘वाक’ म्हणजे खच्चून ओरडणं. नव्या मुलांना एका हॉलमध्ये बसवायचं, नावाच्या आणि नंबरच्या पाट्या गळ्यात अडकवायच्या, आणि कठोर चेहऱ्याने त्यांच्यावर ओरडायचं. हसायचं नाही. शिक्षा म्हणून उठाबशा, फेऱ्या, गाणी.

ही परंपरा थायलंडच्या मातीतली आहे असंही नाही. अमेरिकेत शिकून परतलेल्या विद्यार्थ्यांनी ती गेल्या शतकात आधी तिकडच्या शेतकी महाविद्यालयांत आणली, असं तिचा इतिहास सांगणारे म्हणतात. म्हणजे ‘परंपरा’ म्हणून जिचा इतका अभिमान, ती मुळात परदेशातून आयात केलेली!

आपल्याला आवडेल अशी आणखी एक गंमत. थाय भाषेत इंजिनीअरिंगला ‘वित्सवकम्म’ म्हणतात. हा आपला ‘विश्वकर्मा’! लिहिताना ते संस्कृत वळणानेच लिहितात, फक्त उच्चार त्यांचा. विद्यापीठाला ‘महाविथयालय’. आणि नायकाचं नाव ‘आथित’, म्हणजे आपला ‘आदित्य’, सूर्य. तेव्हा मंडळी, विश्वकर्म्याच्या शाळेत आदित्य नावाचा थर्ड इयरचा मुलगा... हे आपल्याच घरचं प्रकरण आहे असं समजा.

आथित आणि कोंगपोब

आथित हा मुख्य पी-वाक. सगळ्या फर्स्ट इयरला त्याची दहशत. ‘आम्ही सांगू ते केलं नाहीत तर तुम्हाला गिअर मिळणार नाही,’ असं तो पहिल्याच दिवशी जाहीर करतो. हा गिअर म्हणजे दातेरी चाकाचं छोटं पदक. तिथल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना तो जिवापाड प्यारा असतो. आपला गिअर कुणाला दिला म्हणजे काळीज दिलं, असा तिकडचा रिवाज आहे.

समोर फर्स्ट इयरचा कोंगपोब. देखणा, हुशार, खात्यापित्या घरचा, आणि उलट उत्तर देणारा. पहिल्या वर्षाला सीनियर्सच्या सह्या गोळा करायच्या असतात. कोंगपोब आथितकडे सही मागायला जातो, तर आथित त्याला चारचौघांत ओरडायला लावतो, ‘मला मुलं आवडतात!’ हेतू एकच, हसं करणं. ‘गिअर कसा मिळवशील?’ या प्रश्नावर कोंगपोबही एक उत्तर फेकतो, ‘तुम्हाला माझी बायको करीन. नवरा-बायकोत जे एकाचं ते दोघांचं, मग गिअर माझाच!’ सगळा हॉल सुन्न.

पुढे तर आथित त्याला मैदानाला पन्नासहून जास्त फेऱ्या मारायची शिक्षा फर्मावतो. हे वरच्या वर्षाच्या सीनियर्सना कळतं आणि ते आथितलाच तेवढ्या फेऱ्या मारायला लावतात. तो निमूटपणे धावतो.

मग हळूहळू कॅमेरा आथितच्या खोलीत शिरतो. आणि तिथे आपल्याला कळतं की हा वाघ प्रत्यक्षात गुलाबी दूध पितो! साला नावाच्या फळाच्या चवीचं लालचुटूक सरबत दुधात घालून करतात ते. तिथे ते पोरीबाळींचं पेय समजतात, त्यामुळे आथितला ते मागवताना संकोच वाटतो. कोंगपोब घेतो कडक कॉफी. कँटीनमध्ये दोघांचे ग्लास नेमके उलट येतात. इथपासून गोष्ट वळते. शिक्षा संपते, काळजी सुरू होते. शेवटी एकदा बँकॉकच्या राम आठवा पुलावर दोघांच्या मनातलं बाहेर येतं, आणि आमच्या खोलीत शिट्ट्या वाजतात.

हॉस्टेलची दोन पथकं

आता वाद. पहिलं पथक म्हणायचं, आथित वाईट नाही. ती भूमिका आहे, त्याच्यावर लादलेली. आतून तो हळवा आहे. ओरडतो, पण नंतर रात्री त्याला झोप लागत नाही. आणि स्वतः फेऱ्या मारल्या की त्याने! फिट्टंफाट. शिवाय पहिल्या वर्षाची पोरं एक झाली ती त्या ओरडण्यामुळेच ना? ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’, हे वाक्य आमच्या विंगमध्ये त्या आठवड्यात निदान वीसदा ऐकलं.

दुसरं पथक म्हणायचं, माफी कसली? आवडत्या मुलाला नंतर गिअर दिला म्हणून आधीचं सगळं धुऊन निघतं का? उद्या आपल्याला कुणी मैदानात धावायला लावलं आणि नंतर त्याने गुलाबी दूध पिऊन दाखवलं, तर आपण टाळ्या वाजवणार का?

मुलींच्या हॉस्टेलवरून आलेला मुद्दा मला सगळ्यांत धारदार वाटला. आमच्या वर्गातली एक जण म्हणाली, ‘तुम्ही सगळे आथितवर घसरताय, पण कोंगपोबने काय केलं? समोरच्याला खाली पाडायला त्याला “बायको” हाच शब्द सापडला! आथितने मुलं आवडण्याची शिवी केली, कोंगपोबने बायको असण्याची. दोघांचं हत्यार एकच.’ आमच्याकडच्या सगळ्या शूर वीरांनी ज्या संवादावर बाकं बडवली होती, त्यावर हे! बराच वेळ कुणाला उत्तर सुचेना. मला विचाराल तर तिचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. कोंगपोब अन्यायाविरुद्ध उभा राहतो हे चांगलंच, पण तो ज्या पायरीवर उभा राहून बोलतो ती पायरीही कुणाच्या तरी अपमानाचीच आहे.

दुसऱ्या पर्वावर तर आणखी भडका. डिसेंबर २०१७ पासून ‘सोटस एस’ आलं. त्यात आथित नोकरीला लागलेला, आणि कोंगपोब त्याच कंपनीत इंटर्न म्हणून येतो. ऑफिसात आपलं नातं कळू नये म्हणून आथित ते लपवतो. फर्स्ट इयरच्या शेकड्यावर ओरडणारा हा सिंह चार सहकाऱ्यांच्या कुजबुजीला घाबरतो! काहींना हा भित्रेपणा वाटला. मला मात्र इथे आथित पहिल्यांदा पूर्ण समजला. ज्याला पदाच्या जोरावर बोलायची सवय लागते, त्याचं पद काढून घेतलं की त्याच्याकडे आवाजच उरत नाही. हॉलमध्ये ओरडणं हे धैर्य नव्हतंच. तो युनिफॉर्मचा आवाज होता.

तोप-चूप

थोडं मागे जाऊ. दुखावणारा नायक आणि त्याला माफ करणारा प्रेक्षक, हे थाय टीव्हीला नवं नाही. तिकडच्या मालिकांना ‘लाखोर्न’ म्हणतात आणि त्यातल्या एका लोकप्रिय प्रकाराचं नावच ‘तोप-चूप’. तोप म्हणजे थप्पड, चूप म्हणजे चुंबन! नायक नायिकेला छळणार, ती थप्पड मारणार, तो जबरदस्ती करणार, आणि पंधराव्या-सोळाव्या भागापर्यंत त्याचं प्रेम होणार. २००८ साली गाजलेल्या ‘जाम लेय राक’मध्ये नायक भावाच्या मृत्यूचा सूड म्हणून नायिकेला पळवून बेटावर नेतो, आणि ती तर चुकीची मुलगी असते! त्याच वर्षीच्या ‘सवान बियांग’मध्ये नायक सावत्र आईवरचा राग तिच्या निरपराध बहिणीवर काढतो, तोही अत्यंत घृणास्पद रीतीने. दोन्हीकडे शेवट गोड. दोन्ही मालिका प्रचंड लोकप्रिय.

पण थाय प्रेक्षक हे सगळं मुकाट्याने गिळत होता असं समजू नका. २०१४ मध्ये मालिकांतून बलात्काराला प्रेमाचा रंग देणं थांबवा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर तिथल्या हजारो लोकांनी सह्या केल्या. नायकाने असं वागल्यावर आम्ही त्याला नायक का म्हणायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. म्हणजे पात्रांच्या वागण्यावर भांडणारे रिकामटेकडे असतात, हा समज खोटा आहे. त्या भांडणातूनच लोक आपलं मत बनवत असतात. जे प्रत्यक्ष आयुष्यात बोलायला जड जातं, ते आथितच्या नावाने बोलता येतं. आमच्याच विंगमध्ये एकाने आथितवर चिडून बोलता बोलता स्वतःच्या पहिल्या वर्षातली, दुसऱ्या गावातल्या एका कॉलेजच्या हॉस्टेलवरची गोष्ट सांगितली. तीन वर्षांत त्याने ती कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री पुढचा भाग कुणी लावला नाही.

माझं म्हणणं

आता मी कुठल्या पथकात? सांगतो.

आथित मला आवडतो. खोटं कशाला बोला! त्याचं लाजणं, गुलाबी दूध, चेहऱ्यावर आणलेला खोटा राग, सगळंच आवडतं. पण आवडणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. आवडणं माझ्या हातात आहे, माफ करणं नाही. कारण आथितने माझं काही बिघडवलेलंच नाही. मी खाटेवर लोळत, चिवडा खात त्याला बघत होतो. हॉलमध्ये पाटी अडकवून मी बसलो नव्हतो. ज्याच्यावर तो ओरडला, माफी त्याच्या खिशात आहे. माझ्या नाही, तुमच्याही नाही.

‘पण कोंगपोबने केलं ना माफ!’ असं पहिलं पथक म्हणेल. केलं, खरं आहे. पण कोंगपोब कोण आहे? कॉलेजातला सगळ्यांत देखणा मुलगा, घरचं पाठबळ असलेला, तोंडाने खमका, तब्येतीने ठणठणीत. उलट बोलणं त्याला परवडतं. त्या हॉलमध्ये शेकडो मुलं बसली होती हो! तिसऱ्या रांगेतला चष्मेवाला, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो? लहान गावातून आलेली, कालपर्यंत घरापासून एक रात्र दूर न राहिलेली मुलगी, ती? धावताना ज्याला दम लागतो पण सांगायची लाज वाटते, तो? त्यांना गोष्टीत नाव नाही, संवाद नाही. लेखकाने आणि दिग्दर्शकाने सगळ्यांच्या वतीने माफी द्यायला निवडला तो नेमका असा, ज्याचं सगळ्यांत कमी नुकसान झालं. आणि आपण तीच पावती सगळ्यांची समजून फाइलला लावून टाकतो!

‘त्याने स्वतः फेऱ्या मारल्या’ या मुद्द्याचंही तसंच. तो का धावला? ज्युनियरची माफी मागायला? नाही. त्याच्या वरच्याने हुकूम सोडला म्हणून! म्हणजे वरच्याने सांगायचं आणि खालच्याने ऐकायचं, हे जे यंत्र, ते तसंच फिरत राहिलं. फक्त या वेळी त्याच्या दात्यात आथित सापडला. चुकीच्या यंत्रात योग्य माणूस भरडला गेला म्हणून यंत्र बरोबर होत नाही. हे आपल्याला तरी कुणी शिकवायला नको. गिअर ट्रेनमध्ये शेवटचं चाक उलटं फिरलं तरी फिरवणारी मोटार तीच असते.

पण माझा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. आथितचा हळवेपणा आपल्याला दिसला, कारण आपल्याकडे कॅमेरा होता. तो खोलीत एकटा असताना कसा असतो, हे आपण पाहिलं. फर्स्ट इयरच्या मुलांकडे कॅमेरा नसतो. त्यांना दिसतो फक्त चेहरा, ऐकू येतो फक्त आवाज. ज्या पुराव्यावर आपण आथितला निर्दोष सोडतो, तो पुरावा त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही. आणि मित्रांनो, आपण सगळेच मनातल्या मनात आथित असतो! प्रत्येकाला वाटतं, ‘अरे, मी काय वाईट आहे का? थोडी गंमत केली, नंतर त्याला नोट्स दिल्या, चहा पाजला, केटी लागली तेव्हा रात्रभर शिकवलं.’ आपल्याला आपलं गुलाबी दूध माहीत असतं. समोर मान खाली घालून, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभ्या राहिलेल्या पोराला ते माहीत नसतं. त्याच्यासाठी आपण म्हणजे ती पंधरा मिनिटं. बस्स.

मग एकीचं काय?

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. सोटसचे समर्थक तिकडे म्हणतात, आणि इकडे आपले माजी विद्यार्थीही गॅदरिंगला आले की म्हणतात, ‘आमच्या वेळी सीनियर-ज्युनियरचं जे नातं होतं ते आता राहिलं नाही. ओरडले, पण मध्यरात्री रक्त द्यायलाही तेच धावले.’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. घरापासून लांब आलेल्या मुलाला पाठीवर हात ठेवणारा कुणीतरी लागतो. रेक्टर सरांपेक्षा तो वरच्या वर्षातला असला तर बरं, हे सरही कबूल करतील.

पण थाय पद्धतीतच याचं उत्तर आहे. त्यांच्याकडे ‘पी-रहत’ नावाचा आणखी एक प्रकार असतो. प्रत्येक नव्या मुलाला त्याच्या नंबरावरून एक वरच्या वर्षाचा सीनियर नेमून दिलेला. तो त्याला जुनी पुस्तकं देतो, जेवायला नेतो, परीक्षेआधी समजावून सांगतो. म्हणजे पी-वाक आणि पी-रहत हे दोन वेगळे विभाग आहेत. प्रेम पी-रहतच्या खात्यात जमा होतं आणि श्रेय पी-वाक घेऊन जातो! सीरियलमध्येही बघा. आथित आणि कोंगपोब जवळ आले ते कशामुळे? आजारपणातल्या औषधामुळे, अदलाबदल झालेल्या ग्लासांमुळे, एकत्र जेवण्यामुळे. यातल्या एकाही गोष्टीसाठी मैदानाला एकसुद्धा फेरी मारायची गरज नव्हती. टाकीचे घाव वगळले तरी मूर्ती घडली असती, कारण ती घडली मुळी मायेनेच.

आणि घाव प्रत्येक दगडाला सोसतातच असं नाही. मार्च २०२२ मध्ये थायलंडच्या नाखोन रात्चासीमा इथे तंत्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा ‘स्वागता’तल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. तिथे कॅमेरा नव्हता, पूल नव्हता, गोड शेवट नव्हता. आपल्याकडचीही यादी लहान नाही. १९९९ साली महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दोषीला कॉलेजातून काढलं तर पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. पुढे मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू या मेडिकलच्या विद्यार्थ्याचा सीनियर्सच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी यूजीसीने देशभरासाठी नियम केले. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी आपण आणि आपले आई-वडील ज्या प्रतिज्ञापत्रावर न वाचता सही ठोकतो, ते त्या नियमांतूनच आलं. न वाचता सही ठोकलेल्या त्या कागदामागे एक मुलगा आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे आता कुठे रॅगिंग? फार तर ‘इंट्रो’ असतो! बरोबर. थायलंडमध्येही कुणी त्याला छळ म्हणत नव्हतं. ‘स्वागत’च म्हणत होते. नाव गोड ठेवायची खोड सगळ्या देशांत सारखी.

जाता जाता

सीरियल बघू नका असं मी म्हणत नाही. जरूर बघा, रडा, शिट्ट्या मारा. आथितवर जीव टाकायचा असेल तर तोही टाका. निर्दोष माणसांच्या गोष्टी कोण बघतं? चुका करणारी माणसंच आपल्याला आपली वाटतात. फक्त बघताना एक नजर मागच्या रांगेत टाका. तिसऱ्या रांगेतला चष्मेवाला या दृश्यात कुठे आहे, त्याचं काय झालं, एवढं शेजारच्याला विचारा. वादाला खरी मजा तिथून येते.

आणि एक शेवटचं, माझ्या बरोबरच्या टी.ई.वाल्यांना. येत्या सेमिस्टरला नवी बॅच येईल. मोठ्या बॅगा, आईने बांधून दिलेले डबे, आणि ‘दादा, मेस कुठे आहे?’ असं विचारणारे चेहरे. त्यांच्याकडे आपल्या आयुष्याचे पंधरा भाग बघायला वेळ नसणार. त्यांच्या वाट्याला आपला पहिलाच भाग येणार आहे. तेव्हा जे काही गुलाबी दूध असेल ते लपवून ठेवू नका. पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवा, आणि एक ग्लास त्यांच्याकडेही सरकवा.

बघा, पटतंय का. नसेल पटत तर आमच्या विंगमध्ये या. भांडायला आम्ही रात्री दोनपर्यंत जागेच असतो!